अथेन्सची ब्राँझची नाणी

प्राचीन अथेन्सची ख्याती होती ती चांदीच्या नाण्यांमुळे. एका बाजूस अथीना देवीचे मस्तक व दुसऱ्या बाजूस घुबड असलेली ही नाणी परदेशीही निःशंकपणे स्वीकारली जात. कारण त्यांचे मोल त्यांच्यातील चांदीत होते. ही चांदी लॉरियनच्या खाणींतून येई. परंतु इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सच्या मुलखातील डेकेलिया येथे ठाणे दिले. वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले आणि खाणींचे काम खुंटले.

युद्धाचा खर्च मात्र थांबला नाही. नगराने प्रथम विजयदेवतेच्या मूर्तींवरील सोन्याची नाणी पाडली, पुढे इ. स. पू. ४०६ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी चलनात आणली. ॲरिस्टोफेनिसने पुढच्याच वर्षी ‘बेडूक’ या नाटकात या हिणकस नाण्यांची थट्टा केली.

इ. स. पू. ३९१ च्या सुमाराच्या त्याच्या दुसऱ्या एका नाटकात तांब्याच्या नाण्यांचा शेवट आला आहे. एक नागरिक द्राक्षे विकतो. सुटी नाणी गालात धरण्याच्या तत्कालीन रिवाजाप्रमाणे तो तोंडात तांब्याची नाणी भरून सातूचे पीठ घ्यायला जातो. तो पिशवी पुढे करतो न करतो तोच दवंडी पिटली जाते : यापुढे तांबे कोणी घेऊ नये, व्यवहार चांदीतच व्हावा. प्रसंग विनोदी खरा. परंतु नगराने शब्द मागे घेतला की त्याची झळ कोणाला लागते, हे त्यातून उघड होते. चांदी बाळगणाऱ्याचे काहीच गेले नाही. द्राक्षे विकणाऱ्याचे मात्र पीठ गेले.

तरीही सुट्या पैशांची गरज राहिलीच. चांदीचा ओबोल जेमतेम पाऊण ग्रॅमचा. त्याचे अंश तर बोटांत धरणेही कठीण. म्हणून इ. स. पू. चौथ्या शतकात अथेन्सने उघडपणे ब्राँझची नाणी पाडली. आठ खाल्कूस म्हणजे एक ओबोल व सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा, असा हिशेब होता. या नाण्यांनी चांदीचे सोंग घेतले नव्हते. त्यांचे मोल धातूत नसून, नगर ती परत स्वीकारील या भरवशात होते. अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत १९३१ पासून झालेल्या उत्खननांत अशी झिजलेली नाणी हजारोंनी सापडली आहेत. तो भरवसा रोजच्या व्यवहारात किती रुजला होता, याची साक्ष ती देतात.