परसाला निर्गुडीचा कूड

बीड जिल्ह्यातील खेड्यात घराच्या मागील अंगास गेले असता दोन गोष्टी बहुधा शेजारी-शेजारी आढळतात. एक न्हाणी आणि दुसरी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली चार-दोन झाडे: एखादा शेवगा, थोडे अळू, वालाचा किंवा दोडक्याचा वेल. दोहोंनाही आडोसा हवा असतो. न्हाणीला माणसांच्या नजरेपासून आणि भाजीला शेळ्या-कोंबड्यांपासून. पुष्कळ घरी हा आडोसा जुन्या लुगड्याचा अथवा खताच्या रिकाम्या पोत्यांचा असतो. चैत्र-वैशाखातील वारा तो फाडून टाकतो. मग घरातील स्त्रीला पहाटे अंधार आहे तोवरच अंघोळ उरकावी लागते, आणि भाजीचा वेल एका दुपारी शेळीच्या तोंडी जातो.

ज्यांची ऐपत आहे ते पत्रे उभे करतात किंवा सिमेंटचे खांब रोवून जाळी ताणतात. बाकीच्यांना बोराटीचा आधार. बोर, बाभूळ किंवा वेडी बाभूळ यांच्या फांद्या तोडून त्यांचा काटेरी फास परसाभोवती टाकण्याची रीत जुनी आहे. परंतु काटे जनावराला अडवितात, नजरेला अडवीत नाहीत. शिवाय हा फास दर वर्षी नव्याने टाकावा लागतो. सरासरी पाऊस ७०० मिलिमीटरच्याही आत असलेल्या आणि वनक्षेत्र अगदी तुटपुंजे असलेल्या जिल्ह्यात बांधावरील बोरी-बाभळी दर साल छाटून कुंपणासाठी वापरणे हा महागाचा सौदा होय. पत्रा आणि बोराटी यांच्या मधला एक मार्ग या भागाला पूर्वापार ठाऊक आहे. तो म्हणजे विणलेला कूड.

कुडाची परंपरा

उभ्या मेखा रोवून त्यांच्यामधून लवचीक काड्या आत-बाहेर गुंफीत गेले की कूड तयार होतो. त्यावर शेण-मातीचा गिलावा दिला तर भिंत होते. न दिला तर हवा खेळती ठेवणारे कुंपण होते. ही विद्या दख्खनला नवी नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे मातीच्या बुटक्या भिंतींवर कूड उभारून बांधलेली असल्याचे त्यात दिसून आले. त्या वस्तीचा काळ सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा.

थंड प्रदेशांत या कामासाठी ‘विलो’ जातीच्या झाडांच्या काड्या वापरतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील सॉमरसेट परगण्यातील पाणथळ जमिनीत त्यांची लागवडच केली जाते, आणि तेथील बागांतून विलोचे विणलेले आडोसे शोभेची वस्तू म्हणून मिरवितात. आपल्याकडे काश्मीरमध्ये विलोच्या लाकडाची क्रिकेटची बॅट होते आणि त्याच्याच काड्यांनी विस्तवाची कांगडी विणली जाते. महाराष्ट्रातही या कुळातील एक झाड आहे. त्याला वाळुंज म्हणतात. ते सह्याद्रीतील नद्यांच्या काठी, पाय सतत पाण्यात असतील अशा जागी वाढते. बालाघाटच्या कोरड्या उतारावर त्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

तशी गरजही नाही. विलोच्या अंगी जे गुण आहेत, म्हणजे लांब सरळ काड्या, वाकविल्यास न मोडणे, छाटल्यावर खोडातून पुन्हा जोमाने फुटणे आणि नुसती कांडी रोवून लागणे, ते सर्व येथील निर्गुडीत आहेत. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या नद्यांच्या काठी आणि डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्या-नाल्यांच्या कडेने ही निर्गुडी आपोआप वाढते. तिच्या उग्र वासामुळे जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपणाच्या दृष्टीने हा गुण सर्वांत मोठा. सांधे धरले तर तिचा पाला गरम करून बांधावा आणि धान्यात कीड होऊ नये म्हणून सुकलेला पाला घालावा, हे घरोघरच्या वृद्धांना ठाऊक असते. तिच्या काड्यांची कणगी, डाल आणि पाटी विणली जात असे, ही गोष्ट मात्र विस्मरणात चालली आहे. पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि कणगी गेली. कणगीबरोबर ती विणणारा हातही रिकामा झाला.

कोणते साहित्य घ्यावे, कोणते टाळावे

निर्गुडीच्या खालोखाल तुराटीचा क्रम लागतो. डिसेंबर-जानेवारीत तूर निघाली की तुराट्यांचे भारे घरी येतात. तुराटी सरळ असते व हलकी असते, पण वाळली की कडाकड मोडते, आणि उघड्यावर फार तर एक-दोन पावसाळे टिकते. ती आडवी विणण्यापेक्षा उभी लावून दोन्ही बाजूंनी निर्गुडीच्या किंवा बांबूच्या कामट्यांनी आवळणे चांगले. जेथे सबंध झाड मळणीयंत्रात घातले जाते तेथे तुराटीचा भुसाच होतो; कुंपणाचा विचार असेल तर काही भारे आधीच बाजूला काढावे लागतील.

पऱ्हाटीचा विषय निराळा आहे. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाट्यांचे कुंपण सर्रास दिसते. फुकट मिळते, सरपण म्हणूनही उपयोगी पडते. परंतु पऱ्हाटीवर राहिलेल्या कवडी बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामात तेथूनच शेतात उतरते. २०१७ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे केवढे नुकसान केले, हे मराठवाड्यातील शेतकरी विसरलेला नाही. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नयेत, अशी शिफारस कृषी खाते व कृषी विद्यापीठे सातत्याने करीत आली आहेत. कुंपण म्हणून उभी केलेली पऱ्हाटी ही रचून ठेवलेलीच पऱ्हाटी होय. कुंपणच शेत खाते ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

शेराचे कुंपणही शाळा-अंगणवाड्यांच्या आवारात नको. त्याचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. टणटणीच्या काड्या विणण्यास बऱ्या असतात. कर्नाटकातील मलय महादेश्वर डोंगरातील कारागीर त्यांपासून खुर्च्या-टेबले करतात. मात्र टणटणीचा पाला जनावरांना विषारी आहे व ती पसरतेही फार. तोडून आणलेली काडी वापरण्यास हरकत नाही, लावू मात्र नये.

वेळ आणि माणसे

बीड जिल्ह्यात या कामाची खरी अडचण साहित्याची नाही, वेळापत्रकाची आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. तूर निघते तेव्हा ही माणसे फडावर असतात. घरी मागे राहिलेली म्हातारी माणसे तुराट्या एकेक करून चुलीत घालतात. मार्च-एप्रिलमध्ये घरधनी परत येतात तेव्हा उरलेली तुराटी वाळून कोळ झालेली असते. ती भिजवून मऊ करावी म्हटले तर गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू झालेला असतो. याच कुटुंबांतील माणसे फडावर चार दिवसांत कोपी उभी करतात, म्हणजे हाताला कसब आहे. घरच्या परसाला मात्र ते कसब लाभत नाही.

निर्गुडी ही अडचण बरीचशी दूर करते. पावसाळ्यात तिला हात-दोन हात नव्हे, तर माणसाच्या उंचीचे फोक येतात. दसरा ते दिवाळी या काळात ते पुरेसे पक्के, तरीही ओले व लवचीक असतात. ऊसतोडीस निघण्यापूर्वीचे दोन-तीन दिवस या कामी दिले तर मागे राहणाऱ्या वृद्धांना व मुलांना हिवाळाभर भाजीची राखण करीत बसावे लागत नाही. हे दिवस खरिपाच्या काढणीचे असतात हे खरे. परंतु मेखा आधी रोवून ठेवल्या तर विणण्याचे काम घरातील स्त्रिया व थोराड मुले सहज उरकू शकतात.

काड्या तोडताना झुडूप मुळासकट उपटू नये. जमिनीपासून वीतभर खोड ठेवून धारदार कोयत्याने तिरपा काप घ्यावा, म्हणजे पुढील पावसाळ्यात तेच खोड पुन्हा फोक देते. ओढ्याकाठची निर्गुडी काठाची माती धरून ठेवते, म्हणून एका ठिकाणची सर्व झुडपे एकाच वर्षी छाटू नयेत. वनजमिनीवरील झुडपांस वन खात्याच्या परवानगीवाचून हात लावता येत नाही, आणि गायरानातील तोड ग्रामपंचायतीस सांगून करावी.

विणण्याची रीत

मेखांसाठी सुबाभूळ, गिरीपुष्प किंवा बाभळीचे मनगटाएवढे दांडके घ्यावेत. भाजीच्या परसाला जमिनीवर चार फूट उंची पुरते. न्हाणीला सहा फूट हवी. दीड फूट भाग जमिनीत जाईल, त्यामुळे मेखा तेवढ्या लांब तोडाव्या लागतात. जमिनीत जाणारे टोक विस्तवावर काळे होईतो भाजावे किंवा त्यास डांबर लावावे, नाहीतर वाळवी दोन वर्षांत मेख खाऊन टाकते. दोन मेखांत नऊ इंच अंतर ठेवावे. या हिशेबाने २० फूट लांबीला सुमारे २८ मेखा लागतात.

काडीचा पाला ओरबाडून काढावा आणि पहिली काडी एका मेखेच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी न्यावी. वरची काडी नेमकी उलट. एका ओळीत बुंधा डावीकडे तर पुढच्या ओळीत उजवीकडे ठेवावा, म्हणजे कूड एका बाजूला चढत नाही. शेवटच्या मेखेपाशी काडी सरळ वळविली तर मोडते. दोन्ही हातांनी पीळ देऊन वळविली की तंतू सुटे होतात आणि ती दोरीसारखी फिरते. जुन्या कारागिराचे काम ओळखावयाचे ते याच ठिकाणी. प्रत्येक आठ-दहा ओळींनंतर लाकडी ठोकण्याने वीण खाली बसवावी. ओली काडी वाळताना आक्रसते. आठवड्याने कूड पुन्हा ठोकून वर दोन-तीन ओळी भरल्या नाहीत तर फटी पडतात, आणि न्हाणीच्या कुडात फट म्हणजे सगळे काम फुकट. कणगी विणताना मेखांची संख्या विषम ठेवतात, कारण गोल फिरणारी काडी त्यामुळे आपोआप आत-बाहेर आलटते. सरळ कुडाला ती अट नाही.

कुडाच्या पायाशी दगडांचा एक थर रचावा. बालाघाटात दगडाला तोटा नाही. त्याने काडी ओलीपासून वर राहते आणि कोंबड्या उकरून आत शिरत नाहीत. कडब्याची गंज, चूल आणि विजेची तार यांच्यापासून कूड दूर असावा. उन्हाळ्यात वाळलेला कूड पेटण्यास एक ठिणगी पुरते.

शोभा आणावयाची असल्यास दोन-दोन काड्या जोडीने घेऊन चटईसारखी वीण घालता येते, किंवा सालीसकट व साल काढलेल्या काड्यांचे पट्टे आलटून घालता येतात. गोकर्णाचा वेल चढविला की श्रावणात त्या कुडाचे रूप पालटते.

जिवंत कुंपण

वाळलेला कूड दोन-तीन पावसाळे काम देतो. त्याच्याच शेजारी जिवंत कुंपण लावून ठेवणे शहाणपणाचे. मृगाचा पाऊस झाल्यावर निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या, दीड-दोन फूट लांबीच्या कांड्या निम्म्या जमिनीत, एक डावीकडे तिरपी तर एक उजवीकडे तिरपी, अशा लावाव्यात. फुटवे वाढले की जेथे ते एकमेकांना छेदतात तेथे अंबाडीच्या सुताने बांधावेत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर नवे फोक त्या जाळीतच गुंफावयाचे. अधूनमधून शेवग्याचा दांडा रोवला तर खांबाचे कामही होते आणि पानाशेंगांची भाजीही मिळते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाणी द्यावे लागते. न्हाणीचे सांडपाणी चरीने कुंपणाच्या मुळाशी नेले तर निराळे पाणी लागत नाही.

शाळा व ग्रामपंचायत

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषणबागांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ‘उमेद’ अभियानाने २०२० मध्ये पोषण परसबागांची मोहीम हाती घेतली. वाफे काढले, बी पेरले आणि सुटीच्या दिवशी मोकाट जनावरांनी सर्व खाल्ले, हा प्रकार कोणत्याही शिक्षकाला नवा नाही. कार्यानुभवाच्या तासाला गावातील एखाद्या साठी ओलांडलेल्या कणगी विणणाऱ्या व्यक्तीस बोलावून मुलांकडून शाळेच्या बागेचा कूड घालून घेता येईल. बांबू मिळत असेल तेथे बुरूड कारागिरास बोलवावे. या व्यक्तींना दिवसाची रीतसर मजुरी द्यावी. मुलांसमोर कारागिराचे काम फुकट करून घेणे बरे दिसत नाही.

पंच मंडळींना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागेल. जिवंत कुंपण हळूहळू पुढे सरकते. आज बांधावर लावलेली निर्गुडी पाच वर्षांनी पांदणीत हातभर आलेली असते, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत बांधावरून तंटा होण्यास तेवढे पुरते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ नुसार सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा व अतिक्रमण दूर करण्याचा अधिकार पंचायतीस आहे. पण तो वापरण्याची वेळ येऊ देऊ नये. कांड्या लावतानाच हद्दीपासून दोन हात आत दोरी धरावी, शेजाऱ्यास उभे करून ती दाखवावी, आणि दर दसऱ्याला बाहेर आलेले फोक छाटून त्यांनीच कुडाची डागडुजी करावी.