काळ्या शाफ्टची निगा

‘कार्बनचा शाफ्ट घ्या, जन्माची कटकट मिटेल,’ असं विकणारा सांगतो. निम्मं खरं आहे. पावसाळ्यात वाकणं, ठेच लागून पोचा पडणं, घाम पिऊन खरखरीत होणं, चॉकचा निळा डाग कायमचा बसणं, हे मेपलच्या लाकडी क्यूचे आजार कार्बनला होत नाहीत. प्रिडेटर कंपनीने २०१६ मध्ये ‘रेव्हो’ आणला तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. २०२२ मध्ये शेन व्हॅन बोनिंग क्युटेकच्या कार्बन शाफ्टने खेळून नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला, तोवर नाकं मुरडणाऱ्यांतल्या कित्येकांच्या हातात काळे शाफ्ट आले होते. आपल्याकडे मात्र पुण्या-मुंबईच्या क्लबांत अजून स्नूकरवाल्यांचं राज्य, आणि स्नूकरवाला ॲशच्या लाकडाशी एकनिष्ठ. त्यामुळे काळा शाफ्ट घेऊन गेलं की सल्ले भरपूर मिळतात, पण सगळे लाकडाचे. सुमारे पाचशे डॉलरची वस्तू, वर कस्टम ड्युटी; तेव्हा कोणता सल्ला घ्यायचा आणि कोणता हसून सोडून द्यायचा, एवढं तरी कळलेलं बरं.

१. शाफ्ट चिकट चालायला लागला की आधी हवेला दोष दिला जातो, मग क्लबच्या एसीला, मग शाफ्टच्या कंपनीला. खरी भानगड ब्रिजच्या, म्हणजे शाफ्टला टेकू देणाऱ्या हातात, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात असते. तिथला घाम आणि तेलकटपणा शाफ्टवर जातो, त्यावर चॉकची पूड बसते, आणि दोन्ही मिळून भिंतीला भरतात तशी लांबी तयार होते. मेपलवर ती लाकडाच्या छिद्रांत मुरते आणि निळसर दिसते. काळ्या शाफ्टवर दिसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. उजेडात तिरपा धरून बघा. टिपपासून वीत-दीड वीतभर एक राखाडी, मंद पट्टा दिसेल आणि त्याच्या पलीकडे शाफ्ट एकदम काळाभोर असेल. जोरात मारलेल्या शॉटला याने फरक पडत नाही. हळू, लांबवर सरकवायच्या शॉटला मात्र क्यू मध्येच किंचित अडकतो, सुटतो, आणि पांढरा बॉल हवा तिथे थांबत नाही.

चॉकचं शाळेतल्या खडूशी नावापुरतंच नातं आहे. शिकागोचा बिलियर्ड्सपटू विल्यम स्पिंक्स आणि रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलं ते सिलिका आणि कुरुंदाच्या जातीच्या बारीक पुडीचं. कुरुंद म्हणजे ज्याने लोखंडाला धार लावतात तोच दगड. कार्बनचे धागे ज्या इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले असतात, ते त्याच्यापुढे फारच मऊ. आणि आपला हात फिरतो तो या रेझिनवर किंवा त्यावरच्या पातळ झिलईवर. म्हणून कोरड्या फडक्याने दाबून, चॉकसकट घासणं म्हणजे आपल्याच हाताने बारीक पॉलिश पेपर फिरवणं.

२. त्यावरून ओघाने आलं ते चॉक लावणं. क्यूब टिपवर ठेवून गिरमिटासारखा गोल फिरवायची सवय इथे जवळजवळ प्रत्येकाला आहे. क्यूबला खोल खड्डा पडतो, खड्ड्याची कड टिपच्या खाली उतरते आणि फेरूलला (टिपखालच्या कड्याला), नंतर शाफ्टला घासत बसते. पूड गळते तीही सरळ खाली शाफ्टवर. क्यू आडवा धरावा, टिप किंचित जमिनीकडे, आणि क्यूब कडेने हलक्या हाताने टिपवरून पुसल्यासारखा फिरवावा. कमी गळणारा चॉक घेतला तर निम्मं काम तिथेच वाचतं. फिनलंडचा ताओम त्यासाठीच लोक घेतात. महाग आहे. पण क्लबच्या टेबलावर पडलेला, खड्डा पडलेला फुकटचा क्यूब महागात पडतो तो शाफ्टला.

३. आता प्रत्यक्ष पुसणं. फार थोडं आहे. खेळ संपला की केसमध्ये ठेवण्याआधी कोरड्या मायक्रोफायबरने, दाब न देता, पूड झटकून घ्यायची. मग त्याच फडक्याच्या स्वच्छ कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं. केमिस्टकडे ७० टक्क्यांचं मिळतं, तेवढं पुरतं. फडकं ओलसर हवं, ठिबकणारं नको, आणि शाफ्टवर थेट ओतायचं तर अजिबात नाही. जॉइंटकडून टिपकडे एकाच दिशेने ओढायचं, कारण मळ सगळा टिपच्या टोकाला असतो. तो हाताच्या पट्ट्यात परत कशाला आणायचा? फेरूलपाशी थांबायचं. टिपचं चामडं अल्कोहोलने कोरडं पडतं. शेवटी कोरड्या फडक्याने एक हात. पांढरं फडकं वापरलं की बरं, त्यावर निळी-करडी रेघ उमटते आणि ती उमटायची थांबली की काम झालं हे कळतं.

खिशातलं सॅनिटायझर हा पर्याय नव्हे. त्यातही अल्कोहोलच असलं तरी त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते शाफ्टवर मागे राहून आणखी चिकट करतं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर जवळही नको. झिलई जाते, आणि टिप ज्या सुपरग्लूने चिकटवलेली असते तोही सुटायला लागतो.

४. आमच्या क्लबात एक जुने मार्कर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. टेबलाचं कापड इस्त्री करण्यापासून टिप बसवण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. ॲशचा क्यू सुकला तर जवसाचं तेल चोळून, रात्रभर ठेवून, सकाळी कोरड्या फडक्याने असा काही चमकवतात की हातात घेताना संकोच वाटावा. माझा काळा शाफ्ट त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिला, नखाने टिचकी मारली, आवाज पोकळ आला तेव्हा भुवई उंचावली, आणि कपाटातून तेलाची बाटली काढली.

‘मामा, याला तेल नको. लाकूड नाहीये ते,’ मी म्हटलं.

‘साहेब, लाकूड असो नाहीतर काही असो, तहान सगळ्यांना लागते.’

ॲशच्या बाबतीत मामांचं शंभर टक्के बरोबर आहे. जवसाचं तेल लाकडाच्या रेषांत मुरतं, हवा लागून घट्ट होतं आणि लाकूड ओल ओढून घेण्यापासून थोडंफार वाचतं. कार्बनच्या शाफ्टवर त्याला मुरायला जागाच नाही. ते वरच राहतं, तिथेच हवा खाऊन चिकटतं आणि पूड धरून ठेवतं. मेणाचं तेच, फर्निचर पॉलिशचं तेच, गाडीच्या सिलिकॉनच्या फवाऱ्याचंही तेच. पहिला तासभर लोण्यासारखं चालतं, त्यानंतर घाम आणि चॉक त्यात कालवले जातात. मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी बाटलीला बूच लावलं, पण पटलं असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

५. सँडपेपर नाही. दोन हजार नंबरचा नाही, ‘नुसता एक हात’ नाही, ओला करूनही नाही. लाकूड घासलं तर खाली लाकूडच निघतं. इथे झिलईखाली धागे आहेत, आणि घासून ते तोडले की परत जोडता येत नाहीत. शिवाय निघणारी काळी धूळ त्वचेला खाजवते आणि फुप्फुसात जाऊ नये अशी असते. भिंतीवरचे डाग काढायचा पांढरा स्पंज, ज्याला लोक मॅजिक इरेझर म्हणतात, तोही मऊ दिसत असला तरी बारीक घासणाराच आहे. मेपलवर त्याने निळा डाग छान जातो. चकचकीत कार्बनवर तो फिरवला तर झिलई धुरकट होते.

६. हाताला लावायची पावडर लाकडासाठीही मला कधी पटली नाही. इथे तर ती घामात भिजून पिठासारखी होते आणि टेबलाच्या कापडावर पांढरे ठसे उमटवते. मुंबईच्या जुलैत हात कोरडा राहायचा नाही हे मान्य करून तीन बोटांचा ग्लोव्ह घालावा. ग्लोव्ह धुवायचा असतो, हे बहुतेक जण विसरतात. आणि वडापाव खाऊन आल्यावर शाफ्टला हात लावण्याआधी नळ गाठावा. तेलाला साबण लागतो, पँट पुरत नाही.

७. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते टिप बदलताना, आणि ते सहसा मालकाच्या समोरच होतं. नवी टिप शाफ्टपेक्षा रुंद असते. १४ मिलिमीटरची टिप आणून १२.४ च्या शाफ्टला बरोबर करताना कड कापून काढावी लागते. लाकडी शाफ्टवर कारागीर ब्लेड फिरवतो, थोडा घसरतो, ओरखडा सँडपेपरने मिटवतो आणि आपल्याला कळतही नाही. कार्बनवर घसरलेलं ब्लेड तसंच दिसत राहतं, शाफ्ट असेपर्यंत. त्यात बऱ्याच कार्बन शाफ्टना लाकडासारखं लांब फेरूल नसतं. रेव्होला तर टिपच्या खाली एक पातळशी चकती, आणि तिच्याखाली लगेच कार्बन. चुकायला जागाच नाही.

टिप बदलायला देताना दोन गोष्टी मी अडून बसून करून घेतो. फेरूलपासून खाली चार बोटं मास्किंग टेप, दोन थरांत. आणि काम लेथवर. ‘लेथची काय गरज, हाताने करतो’ म्हणणारा कितीही सज्जन असला तरी त्याला हा शाफ्ट द्यायचा नाही. कार्बनचे शाफ्ट ज्याने आधी हाताळले आहेत असा माणूस शोधण्यात वेळ गेला तर जाऊ द्यावा. टिप पूर्ण झिजेपर्यंत मात्र थांबू नये. चामडं पसरून कडेला टोपी झाली की ती शाफ्टच्या बाहेर डोकावते, तिथे चॉक साठतो, आणि अंतर बघताना डोळ्याला फसवते.

८. कार्बनचा आवाज लाकडाहून वेगळाच असतो. आत पोकळी असते आणि आवाज दबवायला फोम भरलेला. तरी नेहमीच्या टक् ऐवजी एके दिवशी काहीतरी खुळखुळतंय असं वाटलं तर लगेच शाफ्ट फुटला म्हणून धसका घेऊ नये. आधी जॉइंट घट्ट आहे का बघावं. मग टिपची कड नखाने उचलली जाते का. मग फेरूल. यात काही सापडलं नाही, तरच उजेडात शाफ्ट हळूहळू फिरवून नखाने चाचपावं. लाकडाला पोचा पडतो आणि ओला कागद, वाफ देऊन तो वर काढता येतो. कार्बनला पोचा पडत नाही, तडा जातो, आणि तड्याला घरगुती उपाय नाही. क्लबची फरशी बहुतेक ठिकाणी टाइल्सची. भिंतीला टेकवून ठेवलेला क्यू घसरला की टोकावरच आपटतो. रॅक असतो, तो वापरावा.

९. ‘कार्बन आहे, पण टेबलावर फिरवला तर डुगडुगतो’ ही तक्रार पावसाळ्यात नक्की ऐकू येते. शाफ्ट एकटा, सुटा करून फिरवून पाहिला की सरळ निघतो. बट, म्हणजे क्यूचा मागचा भाग, अजून लाकडाचाच असतो बऱ्याच जणांचा, ओल त्याने ओढलेली असते. किंवा जॉइंटच्या दोन तोंडांमध्ये चॉकचा कण अडकलेला असतो आणि दोन्ही भाग एका रेषेत बसत नाहीत. त्यासाठी जुना, कोरडा टूथब्रश केसमध्ये ठेवावा आणि पिनचे आटे झाडत राहावे. तेल तिथेही नको. घट्ट करताना हाताला ‘बसलं’ असं जाणवलं की थांबायचं.

१०. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत क्यू ठेवू नये. ऊन वर आलं की आतली हवा ६० अंशांच्या आसपास जाते. कार्बन लाकडासारखा वाकणार नाही, पण टिपचा ग्लू आणि फेरूलचा जोड यांनी तसं वचन कुठे दिलेलं नाही.

११. केसचं अस्तर महिन्यातून एकदा उलटं करून झटकावं, निदान व्हॅक्यूमचा पाइप तरी आत घालावा. शाफ्ट पुसून ठेवायचा आणि निळ्या झालेल्या मखमलीत सरकवायचा, असं कित्येक जण वर्षानुवर्षं करतात. दुसऱ्या दिवशी बाहेर काढला की तोच पट्टा पुन्हा हजर. चॉक क्यूसोबत त्याच कप्प्यात नको, वेगळ्या बंद डबीत हवा. आणि एसी हॉलमधून पावसाळी हवेत बाहेर पडण्याआधी, आतच शाफ्ट केसमध्ये घालून चेन लावावी. गार शाफ्टवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं, आणि ते तसंच आत बंद झालं तर अस्तराला आधी बुरशीचा वास येतो. तो वास गेला नाही तर सरळ नवी केस घ्यावी.