पाठीवरचे घर कोरडे कसे राहील?

अशी कल्पना करा की दोन गिर्यारोहक गंगोत्री हिमनदीच्या परिसरातील एका सहा हजार मीटर उंचीच्या शिखराकडे निघाले आहेत. वाटेत आधी उभारून ठेवलेले तंबू नाहीत, ओझे वाहणारे सोबती नाहीत. चार रात्री डोंगरावर काढायच्या आणि लागेल ते सारे स्वतःच्या पाठीवरून न्यायचे. या रीतीला आल्पाइन पद्धत म्हणतात, कारण ती युरोपातील आल्प्स पर्वतात रुळली. १९७५ साली राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर या जोडीने काराकोरममधील गाशरब्रुम-१ हे आठ हजार मीटरहून उंच शिखर असेच दोघांनी मिळून सर केले, तेव्हा शेकडो हमालांच्या मोहिमांची सवय झालेले जग थक्क झाले होते.

आता आपल्या जोडीची तिसरी रात्र पाहा. बाहेर तापमान उणे १५ अंश सेल्सियस. पाठीवरच्या सॅकमधून स्लीपिंग बॅग बाहेर काढली, तर ती ओली! स्लीपिंग बॅग ऊब देते ती पिसांमुळे नव्हे, तर पिसांच्या जाळ्यात अडकून पडलेल्या हवेमुळे. पिसे भिजली की त्यांचे चिकट गोळे होतात, हवा निघून जाते आणि तिची जागा पाणी घेते. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. अशा रात्री बोटे हिमदंशाने गमावलेली माणसे आहेत, आणि सकाळ न पाहिलेलीही आहेत. म्हणून सॅक निवडण्याचे काम तुमच्याकडे आले, तर ते रंग आणि खिसे पाहून करू नका. त्यामागे बरेच पदार्थविज्ञान आहे.

प्रथम वजनाचा हिशेब करू. एक किलोग्रॅम वस्तू एक हजार मीटर वर चढवायला १ × ९.८ × १००० म्हणजे ९,८०० ज्यूल कार्य लागते. आपले स्नायू खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी लावतात, म्हणजे प्रत्यक्ष खर्च सुमारे ४०,००० ज्यूल, किंवा साडेनऊ किलोकॅलरी. एका लहानशा ग्लुकोज बिस्किटातही याहून जास्त ऊर्जा असते! मग गिर्यारोहक ग्रॅमाग्रॅमासाठी एवढे हैराण का होतात?

कारण प्रश्न ऊर्जेचा नाही, शक्तीचा आहे. म्हणजे दर सेकंदाला किती काम करता येते याचा. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तेथे फुफ्फुसांना प्राणवायू कमी मिळतो, आणि माणसाची शक्ती त्या प्राणवायूने ठरते. समजा चढणाऱ्याचे वजन ७० किलोग्रॅम आणि ओझे २० किलोग्रॅम. ओझ्यातून ३ किलोग्रॅम काढले, तर ९० ऐवजी ८७ किलोग्रॅम वर न्यायचे. त्याच शक्तीने चढल्यास दहा तासांची चढण वीस मिनिटे लवकर संपते. दुपारनंतर ढग दाटून येणाऱ्या डोंगरात ही वीस मिनिटे फार मोलाची ठरू शकतात. शिवाय खड्या उतारावर ओझे माणसाला मागे खेचते आणि तो ताण बोटांवर येतो. म्हणून सॅक अरुंद आणि पाठीला चिकटून बसणारी हवी. जड सामान पाठीच्या जवळ ठेवले, तर मागे ओढणाऱ्या बलाची भुजा आखूड होते.

आता कापडाकडे वळू. पूर्वी सॅक सुती कॅनव्हासच्या असत. सुती धागा ओला झाला की फुगतो, विणीतील फटी बुजतात आणि पाणी बरेचसे अडते. युक्ती चांगली, पण धागा स्वतः पाणी पितो, सॅक जड होते आणि थंडीत गोठून फळीसारखी ताठ होते. आज बहुतेक सॅक नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या असतात. नायलॉन थोडे पाणी शोषते, पॉलिएस्टर त्याहून पुष्कळ कमी. अतिशय बळकट अशा पॉलिएथिलीनच्या धाग्यांचे कापडही निघाले आहे. ते जवळजवळ पाणी शोषतच नाही आणि पाण्यापेक्षा हलके असते. मात्र त्याची किंमत ऐकून घरचे लोक दचकतील.

कापडाच्या चिठ्ठीवर ‘२१० डेनियर’ असे काही लिहिलेले दिसेल. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा लहान तितका धागा बारीक. सत्तर डेनियरचे कापड हातात घेतल्यावर मोह पडतो, पण खडकावरून एकदा घासत नेलेल्या सॅकला भोक पडले की तिच्या जलरोधकपणाची गोष्टच संपली. तळाला तरी जाड कापड असू द्या. कापडावर बारीक चौकटी दिसल्या तर त्या शोभेच्या समजू नका. तेथे ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असतात, त्यामुळे एकदा सुरू झालेली फाट पुढच्या चौकटीपाशी अडते.

पण नुसते विणलेले कापड पाणी अडवते कसे? घरातली छत्री उघडून तिच्यावर पाण्याचे थेंब टाका. ते मोत्यांसारखे गोल राहतात. पाण्याचा पृष्ठताण थेंबाला एकत्र धरून ठेवतो आणि तो फटीतून आत शिरू देत नाही. मात्र दाब वाढला की पृष्ठताण हरतो. म्हणून सॅकच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनसारख्या पदार्थाचा पातळ थर देतात. हा थर किती दाब सोसतो ते मोजण्याची रीत तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहू शकता. एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घ्या. खालच्या तोंडाला कापड घट्ट बांधा, कापडाची बाहेरची बाजू पाण्याकडे ठेवा. वरून सावकाश पाणी ओता. कापडातून तिसरा थेंब बाहेर येईल त्या वेळी पाण्याच्या स्तंभाची उंची मोजा. कारखान्यांत हीच उंची मिलिमीटरमध्ये सांगतात.

उंचीचा अर्थ असा. एक मीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम वजनाइतका असतो. पंधरा किलोग्रॅमची सॅक ओल्या बर्फावर ठेवली आणि तिचा तळ ३०० चौरस सेंटिमीटर असला, तर तळाखाली दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिमीटरचा दाब पडतो. पट्ट्याखाली किंवा टोकदार दगडावर तो अनेक पट होतो. तेव्हा एक-दोन हजार मिलिमीटर सोसणारे कापड पुरेसे म्हणता येईल. वीस हजारांचे आकडे पाहून हुरळून जाऊ नका, कारण पाणी कापडातून क्वचितच शिरते. ते शिवणीतून शिरते!

शिवणीत दर तीन मिलिमीटरला सुईचे एक भोक धरा. एक मीटर शिवणीत तीनशेहून अधिक भोके झाली. सॅकमध्ये सगळी मिळून आठ मीटर शिवण असेल, तर अडीच हजारांहून अधिक भोके! शिवाय शिवणदोरा केशाकर्षणाने पाणी आत ओढतो, जशी दिव्याची वात तेल ओढते. म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे सॅक उलटी करून पाहा. काही सॅकचे तुकडे शिवण्याऐवजी उष्णतेने जोडलेले असतात. ते उत्तम, पण जोड उकलला तर डोंगरावर सुईदोऱ्याने दुरुस्ती करणे अवघड. चेनवर मेणासारखा थर असला तरी तिच्या टोकाशी फट राहतेच. चेन जितक्या कमी, तितके बरे. तोंड गुंडाळून बंद करायची सॅक असेल, तर किमान तीन वेढे द्यावेत, म्हणजे पाण्याला वळसे घालत वर चढावे लागते.

अशा हवाबंद पिशवीची एक गंमत आहे. गंगोत्रीला, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर, ती हवेसह बंद केली आणि साडेपाच हजार मीटरवर नेली, तर आतली हवा बॉइलच्या नियमाप्रमाणे सुमारे १.४ पट जागा मागते आणि पिशवी फुगते. लेहला पोहोचलेली वेफर्सची पाकिटे अशीच टम्म दिसतात. म्हणून तोंड गुंडाळण्यापूर्वी हवा दाबून काढावी.

आता माझे मत सांगतो. पूर्ण जलरोधक सॅकसाठी एक किलोग्रॅम जास्त वजन वाहणे मला पटत नाही. सह्याद्रीत श्रावणात दिवसभर धो धो पाऊस झोडपतो, तसे हिमरेषेच्या वर होत नाही. उणे दहा अंशांत पडलेला बर्फ कोरडा असतो, हाताने झटकला की पडतो. ओल येते ती पायथ्याच्या पावसात, दुपारच्या उन्हात वितळणाऱ्या बर्फामुळे, तंबूत बर्फासकट आणलेल्या सामानामुळे आणि माणसाच्या स्वतःच्या घामामुळे. अगदी जलरोधक सॅकमध्ये तोंडातून गेलेला मूठभर बर्फ वितळला, तर ते पाणी बाहेर पडायलाही वाट नसते. म्हणून साधी, चिवट, एक किलोग्रॅमच्या आसपास वजनाची, सुमारे ४० लिटरची सॅक घ्यावी. तिच्या आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घालावी आणि स्लीपिंग बॅग व कोरडे मोजे वेगळ्या हलक्या पिशवीत गुंडाळावेत. या दोन पिशव्यांचे वजन दीड-दोनशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही, आणि बाहेरचे कापड फाटले तरी झोप सुरक्षित राहते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कमरेचा जाड पट्टा हार्नेसच्या आड येतो, म्हणून तो काढता येणारा असावा. पाठीतला फोमचा पत्रा बाहेर निघत असेल तर रात्री बसायला-झोपायला उपयोगी पडतो. बर्फाची कुऱ्हाड अडकवायची सोय हातमोजे न काढता वापरता आली पाहिजे. दुकानातच हातमोजे घालून बंद-उघड करून पाहा, दुकानदार हसला तर हसू द्या.

सॅक घरी आणल्यावर खरी परीक्षा न्हाणीघरात. ताणकाट्याला अडकवून कोरडी सॅक वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदांसकट तोला. मग ते कागद आत ठेवा: तळाशी, प्रत्येक शिवणीशी, चेनपाशी, तोंडाशी. कोणता कागद कुठे आहे ते पेन्सिलीने लिहा. शॉवरखाली किंवा झारीने वीस मिनिटे पाणी सोडा. नंतर बाहेरचे पाणी झटकून सॅक कागदांसकट तशीच तोला. जास्त भरलेले वजन हे कापडाने, पट्ट्यांनी आणि फोमने प्यालेले पाणी, शिवाय आत शिरलेले. आता कागद काढा. ओला कागद गळतीची जागा नेमकी दाखवतो. तेथे शिवणीवर लावायचा डिंक आतून लावा, एक दिवस वाळवा आणि तोच प्रयोग पुन्हा करा.

मोहिमेनंतर सॅक आतून-बाहेरून सावलीत वाळवा, उन्हात नाही. अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होते. आणि ओलसर सॅक घडी घालून मुंबई-कोकणातल्या दमट कपाटात मुळीच कोंबू नका. पॉलियुरेथेनच्या थराचे हवेतील बाष्पाने हळूहळू जलापघटन होते. काही वर्षांनी तो चिकट होतो, उग्र वास मारतो आणि पापुद्रे सुटू लागतात. असा थर निघालेल्या सॅकचे कापड मग नळीच्या प्रयोगाला घ्या, आणि तिसरा थेंब किती मिलिमीटरला पडतो ते नव्या कापडाच्या आकड्याशेजारी वहीत लिहून ठेवा.