मेल्यावर कामाला लागणारा पाइप

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण पाइप घासून घासून शिकतो, पण झाड स्वतःचा पाइप बनवतं कसा, हे सिलॅबसबाहेर! म्हणून हा उद्योग.

कोवळ्या खोडात काही पेशी लांबट होतात. त्यांच्या भिंतींवर आतून लिग्निनची कडी नाहीतर स्प्रिंगसारखी वेटोळी चढतात. स्प्रिंगच का? खोड अजून वाढत असतं, पाइपलाही ताणायला जागा हवी. (डिझाइनवाल्यांनी दाद द्यावी.) मग पेशी मरते, मधल्या आडव्या भिंती विरघळतात आणि पाण्याची वाट मोकळी होते.

मका तेवढ्या नळ्यांवर भागवतो, खोड जाड करायची त्याच्याकडे सोय नाही. कडुनिंबाच्या सालीखाली मात्र कँबियमचा पातळ थर असतो. तो आत नव्या जलवाहिन्या, म्हणजे लाकूड, आणि बाहेर अन्नवाहिन्या तयार करत राहतो. जुन्या नळ्या बुजून मधला गाभा होतो.

आता मुद्द्याचं. हॉस्टेलमागच्या कडुनिंबाला आपण कपड्यांसाठी तार आवळलीय. बुंधा जाडावतो, तार नाही. ती सालीत रुतते, अन्नवाहिन्या दाबल्या जातात, मुळं उपाशी राहतात. रविवारी सकाळी मी पक्कड घेऊन तिथे असेन. दोन खांब कुठे मिळतील, ते मेसमध्ये सांगा.