टोफूला पनीर म्हणू नका

श्रावणातला रविवार होता. पंगत निम्मी झाली होती. दाजींनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि "वहिनी, पनीर मसाला झकास जमलाय" असं सगळ्यांदेखत म्हणाले. तेवढ्यात पाणी आणायला आत गेलेल्या वन्सं बाहेर आल्या, त्या हातात फाडलेलं पाकीट घेऊनच. कचऱ्याच्या डब्यातून काढलेलं. ते उंच धरून त्यांनी त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली. "पनीर कुठलं? टोफू आहे हा. सोयाबीनचा!"

अण्णांनी घास ताटात ठेवला. "पेंड चारलीस व्हय गं आम्हाला?" एवढंच बोलले. दाजींनी उरलेले तुकडे बोटानं ताटाच्या कडेला सारले. पाच मिनिटांपूर्वी मागून घेतलेले तेच तुकडे. चव बदलली नव्हती, फक्त नाव कळलं होतं.

वन्सं तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "आईंना थायरॉईडची गोळी चालू आहे, विचारायचं तरी!" हे वाक्य मला अजून टोचतं. आई गोळी सकाळी सहाला उपाशीपोटी घेतात आणि जेवण दीडला होतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं. सोयामुळे ती गोळी अंगात कमी शोषली जाऊ शकते, म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, दुपारच्या जेवणात हरकत नाही, असं ते म्हणाले. हे घरी सांगितलं तेव्हा ऐकायला कुणी बसलं नाही. तरी एक गोष्ट मी मान्य करते. काहींना सोयाबीनची ॲलर्जी असते, त्यामुळे न सांगता वाढणं चूकच. ती चूक माझी. टोफू करणं ही चूक नव्हती.

आम्ही आष्ट्याचे. इथून कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र जवळ आहे. आमच्या रानात पेरतात तो फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, त्याच केंद्रातून आलेला. त्यातलं केडीएस म्हणजेच कसबे डिग्रज सोयाबीन. पोती अडतीवर जातात, तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. इथल्या माणसाला सोयाबीन माहीत आहे ते क्विंटलच्या भावानं. २०२४-२५ला हमीभाव ४,८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासही नाहीत. ज्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिनं आहेत, तो आपल्याच दारातून जातो आणि आपण ताटात घ्यायला लाजतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर ज्यांना घरात टोफू रुजवायचा आहे, त्यांनी पहिल्यांदा तो चौकोनी कापूच नये. चौकोनी तुकडा दिसला की जीभ पनीर शोधते, आणि पनीरचा लोण्यासारखा मऊपणा टोफूत येणार नाही, कारण त्यात स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त. हातानं कुस्करून भुर्जी करा. लोखंडी तव्यावर तेल सढळ हातानं घाला, कांदा तांबूस होऊ द्या, मग टोफू घालून लगेच हलवू नका. खालून खरपूस रंग आला की परता. घरची कांदा-लसूण चटणी नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त लागते, मीठही. वर कोथिंबीर, सोबत गरम ज्वारीची भाकरी. माझं माहेर कराडचं. तिथल्या आमच्या अख्ख्या मसुरातही मी कुस्करलेला टोफू घालून पाहिला, चांगला मिसळतो.

तुकडेच हवे असतील तर पाणी काढल्याशिवाय रश्श्यात टाकू नका. मी पहिल्या खेपेला पाकिटातून थेट टाकला होता. रस्सा पांचट झाला आणि पोरांनी तुकडे वेचून बाजूला काढले. आता अर्ध्या इंचाच्या चकत्या मिठाच्या कढत पाण्यात पंधरा मिनिटं ठेवते, मग सुती फडक्यात गुंडाळून दोन ताटांमध्ये दाबते आणि वर वरवंटा ठेवते. अर्धा तास. एक रात्र फ्रीजरमध्ये गोठवून, वितळवून पिळला तर तो स्पंजासारखा जाळीदार होतो आणि मसाला आतपर्यंत ओढून घेतो.

विकत घेताना पाकीट फुगलेलं नाही ना, बघा. सांगलीतल्या एका दुकानदारानं मला आंबलेला टोफू दिला आणि परत द्यायला गेले तर "तुमच्या फ्रीजचा दोष" म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून घरीच करते. दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, उकळत्या पाण्यात वाटायचे. गार पाण्यात वाटले की तो कच्चट वास सुटतो, आणि लोकांना नको असतो तो हाच वास. गाळलेलं दूध फेसानं लवकर वर येतं, त्याला उकळी समजू नका. खरी उकळी आल्यावर मंद आचेवर पंधरा मिनिटं ढवळत राहा. कच्चं राहिलं तर पोट बिघडतं. उतरवून लिटरला दोन मोठे चमचे लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला. फाटलं की फडक्यात बांधून वजन ठेवा. चोथा थालीपिठात जातो. टोफू फ्रीजमध्ये पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला आणि तीन दिवसांत संपवा.

बाकी धीर धरा, पहिला प्रयोग पाहुण्यांवर करू नका, हे कुणीही सांगेल. मी सांगते ते एवढंच, की आधी नाव सांगा आणि मग वाढा. दिवाळीनंतर मी अण्णांना भुर्जी वाढताना म्हटलं, "आपल्या रानातल्या सोयाबीनची आहे." दीड भाकरी खाल्ली. कौतुक केलं नाही. वन्संनी अजून एका शब्दानं तो विषय काढलेला नाही, मी वाट बघणंही सोडलं आहे.

यंदा मळणी झाल्यावर अण्णांनी स्वतः अर्धं पोतं घरात ठेवलं आणि म्हणाले, "यातलं घे. पेरणीची उरलेली पिशवी घेऊ नकोस, तिला औषध चोळलेलं असतंय." शेतकऱ्याच्या घरातल्या प्रत्येक बाईनं हे ध्यानात ठेवावं. बियाण्याचं सोयाबीन धुऊनसुद्धा खायला वापरू नका.