वाकून आत जाण्याचे दार
(अभ्यासपाठ : जपानमधील चहागृहाची रचना)



बौद्ध वास्तू म्हटली की स्तूप, चैत्य आणि लेणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज एका अगदी लहान वास्तूची ओळख करून घेऊ. ती विहार नव्हे. चार-पाच माणसांनी बसून चहा घेण्याची ती खोली आहे. पण तिच्या दारात, पाण्यात आणि वाडग्यात एक मोठा विचार आहे.

जपानमध्ये चहा पिण्याची प्रथा रुजविली ती बौद्ध भिक्षूंनी. ऐसाई हे भिक्षू 1191 साली चीनमधून झेन पंथाची शिकवण घेऊन परतले आणि त्यांनी चहाचाही प्रसार केला. 'झेन' हे आपल्या 'ध्यान' शब्दाचेच जपानी रूप होय. ध्यानात झोप येऊ नये म्हणून भिक्षू चहा घेत. पुढे सरदार व धनिकांच्या घरी चहा म्हणजे मौल्यवान चिनी भांडी मिरविण्याचे निमित्त झाले. त्याला साधेपणाकडे वळविले ते मुराता जुको, ताकेनो जोओ आणि सेन नो रिक्यू (1522-1591) यांनी. रिक्यू हे साकाई बंदरातील व्यापाऱ्याचे पुत्र होते.

अशा खोलीचे रूढ माप साडेचार तातामी. तातामी म्हणजे पेंढ्याची जाड चटई, साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद. म्हणजे खोली नऊ फूट चौरस झाली. विमलकीर्ती या गृहस्थ उपासकाच्या लहानशा खोलीत असंख्य बोधिसत्त्व सामावले, या सूत्रातील कथेशी जपानी परंपरा या मापाचा संबंध जोडते. क्योतोजवळ यामाझाकी येथे 'ताइआन' नावाचे चहागृह आजही उभे आहे. ते रिक्यू यांनी सुमारे 1582 साली बांधले असे मानतात. त्यातील चहाची खोली तर अवघी दोन तातामींची! भिंती मातीच्या, त्यात पेंढा दिसतो. काही खिडक्यांत गिलावा न करता आतली कामटी तशीच उघडी ठेवली आहे. एका बाजूस कोनाडा, कोपऱ्यात चूल. एवढेच.

आता वाट पाहा. बागेतील पायवाटेला 'रोजि' म्हणतात. चहाची परंपरा या शब्दाचा संबंध सद्धर्मपुंडरीक सूत्रातील जळत्या घराच्या कथेशी जोडते. घराबाहेर पडलेली मुले ज्या मोकळ्या, दवाने ओल्या भूमीवर सुखरूप बसतात, ती ही भूमी. वाटेवर दगडाचे एक बुटके पात्र असते. प्रत्येक पाहुणा खाली वाकून त्याच पात्रातील पाण्याने हात व तोंड धुतो.

मग येते दार. ते साधारण 66 सेंटिमीटर उंच व 63 सेंटिमीटर रुंद असते. ताइआनचे किंचित मोठे आहे. त्यातून उभ्याने कोणालाही जाता येत नाही, गुडघ्यांवर सरकतच जावे लागते. सामुराई योद्ध्याला तलवार बाहेर फळीवर ठेवावी लागे. आत घट्ट चहाचा एकच वाडगा हातोहात फिरतो आणि सारे त्याच वाडग्यातून पितात.

वाचकहो, ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी गावच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी स्वतः विसळून पालथी घातली, त्यांना या एका वाडग्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

परंतु पाठ येथेच संपवला तर तो अर्धा राहील. खोलीत जे घडे, ते खोलीबाहेर घडत नव्हते. रिक्यू ज्यांच्या पदरी होते ते राज्यकर्ते तोयोतोमी हिदेयोशी स्वतः सामान्य घरात जन्मलेले. त्यांनीच सोन्याने मढविलेले चहागृह करविले. 1591 साली त्यांच्या आज्ञेवरून रिक्यूंना प्राण द्यावे लागले. त्याच वर्षी योद्धा, शेतकरी व नगरवासी यांनी आपला वर्ग सोडू नये, असा हुकूम त्यांनी काढला. पुढे चहागृहांतही भेद शिरला. कोठे थोरामोठ्यांनी ताठ उभे राहून यावे म्हणून वेगळे उंच दार झाले. रिक्यूंचे शिष्य फुरुता ओरिबे यांच्या धाटणीच्या चहागृहात बरोबरच्या सेवकांसाठी निराळी बैठक आली. आणि चामड्याचे काम करणाऱ्यांना तर त्या बौद्ध देशातही 'एता' म्हणून वेगळे ठेवले जाई. 1871 साली सरकारी हुकमाने ही ओळख रद्द झाली, तरी लोकांच्या मनातील भेद त्यानंतरही टिकून राहिला.

यावरून काय घ्यावे? दार बुटके केल्याने माणूस तासभर वाकतो. मन वाकले नाही तर बाहेर पडताच तो पुन्हा ताठ होतो आणि संधी मिळताच दारही उंच करून घेतो. म्हणून रिक्यूंची रचना थोर असली, तरी ती सुरुवात आहे, शेवट नव्हे.

आपल्या घरी मोठी खोली नसेल, तरी हरकत नाही. विमलकीर्तीची खोलीही लहानच होती. आपल्या दारी आलेल्या कोणत्याही माणसाला, तो आपल्यातल्याच दुसऱ्या पोटजातीचा असो की सफाईचे काम करणारा असो, आपण कोणत्या कपात चहा देतो, एवढे आज रात्री घरातील सर्वांनी मिळून स्वतःला विचारावे. पाठ तेथून सुरू होतो.