चालू लोडावरचे आकडे

घरांचं वायरिंग आणि शेतीपंपांची दुरुस्ती हे माझं काम. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना सूत्रं पाठ असतात. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोन्ही बरोबर. पण हे आकडे कुठे, कधी आणि कशावर घ्यायचे, ते कामावरच कळतं.

1. लोड चालू असताना मोजा. समजा, गीझर बंद असताना सॉकेटवर 232 व्होल्ट आहेत. गीझर लावल्यावर ते 221 झाले आणि क्लॅम्प मीटरवर 8.4 अँपिअर आले. म्हणजे 11 व्होल्ट वाटेतच गेले. 11 ला 8.4 ने भागलं की वाटेतला रोध निघतो, सुमारे 1.3 ओहम. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की 92 वॅट. ही उष्णता पाण्याला मिळत नाही. ती भिंतीतल्या वायरी, जोड आणि बाहेरची लाइन तापवते. रिकाम्या सॉकेटवरचं व्होल्टेज बघून 'सप्लाय ठीक आहे' असं सांगणं मला मान्य नाही.

2. पाटी वाचायची सवय लावा. 2000 वॅट, 230 व्होल्ट असं लिहिलं असेल तर करंट 8.7 अँपिअर आणि कॉइलचा रोध 26 ओहमच्या थोडा वर. 6 अँपिअरच्या सॉकेटवर हा गीझर लावू नये, हे त्या भागाकारातच आलं.

3. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं तर घट जेमतेम 22 टक्क्यांची वाटते. पण कॉइलचा रोध तोच राहतो, त्यामुळे करंटही 6.8 अँपिअरवर येतो आणि पॉवर 1225 वॅटच्या आसपास उरते. जवळजवळ 39 टक्के कमी. गावाकडे संध्याकाळी पाणी तापायला उशीर का होतो, याचं उत्तर बहुतेकदा एवढंच असतं; गीझर खोलायची गरज नसते.

4. मोटारीचं गणित याच्या उलट चालतं, आणि माझा जीव सगळ्यात जास्त इथेच तुटतो. विहिरीतलं पाणी तितक्याच उंचीवर चढवायचं असतं, त्यामुळे व्होल्टेज पडलं तरी मोटार जवळपास तेवढीच पॉवर ओढते. 5 एचपीची थ्री फेज मोटार घ्या. पाण्याच्या कामाला 3730 वॅट, आतला तोटा धरून सुमारे 4500 वॅट. 415 व्होल्टला पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर करंट 7.8 अँपिअर येतो. 340 व्होल्टला तोच साडेनऊच्या पुढे जातो. वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे ती जवळपास दीडपट होते. वायरवरचं वार्निश हळूहळू करपतं आणि ऐन भरणीच्या दिवसांत मोटार जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची सेटिंग वाढवून घेतात. कृपा करून असं करू नका. त्या वेळी मोटार वाचवणारी तेवढी एकच गोष्ट तिथे असते. रिवाइंडिंगचा खर्च आणि सुकणारं पीक, दोन्ही शेतकऱ्याच्याच माथी बसतात.

आणखी एक. चालत्या मोटारीचे व्होल्ट भागिले अँपिअर करून वाइंडिंगचा रोध निघत नाही, कारण फिरताना तिच्यात उलटा दाब तयार होतो. रोध बघायचा तर सप्लाय तोडून तिन्ही वाइंडिंग मीटरवर मोजायची. तिन्ही आकडे सारखे हवेत.

5. 100 वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध हिशेबाने 529 ओहम येतो. तोच बल्ब थंड असताना मीटरवर 40 ओहमच्या आसपास दिसतो. मीटर खराब नसतो. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो. बल्ब बटण दाबताक्षणी उडतात तेही यामुळेच. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकालाही अस्थिर आकड्यांनी छळलं होतं. त्याच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरायचा. मग त्याने दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवला, आणि त्यातून स्थिर दाब मिळवला. 1827 च्या त्याच्या पुस्तकामागे ही चिकाटी आहे.

6. ढिला स्क्रू म्हणजे रोधच. अर्धा ओहम धरा आणि त्यातून 10 अँपिअर जाऊ द्या. करंटचा वर्ग गुणिले रोध, 50 वॅट. नखाएवढ्या जागेत दोन सोल्डरिंग आयर्नची धग. करंट वाढलेला नसल्यामुळे एमसीबी पडत नाही. प्लगची पिन काळवंडली, सॉकेट पिवळं पडलं की त्याच दिवशी उघडून बघा.

7. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम. जाणारी आणि येणारी, दोन्ही वायरींची लांबी धरायची.

8. ओहम मोजताना सप्लाय पूर्ण बंद हवा. अँपिअरवर ठेवलेल्या मल्टिमीटरच्या पिना फेज आणि न्यूट्रलला कधीही लावू नका. मीटर फुटतो आणि हात भाजतो. क्लॅम्प नेहमी एकाच वायरीभोवती धरायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरले तर शून्य दिसायला हवं. लिकेज मोजणाऱ्या बारीक क्लॅम्पवर तिथे काही मिलिअँपिअर उमटले तर तेवढा करंट न्यूट्रलने परत न येता दुसऱ्या वाटेने जातो आहे. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवतात ती हाच फरक पकडायला.